फ्रीबीएसडीवर वायफाय कार्ड दिसत नाही तेव्हा
मित्रा, घाईघाईने सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करू नकोस. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ११व्या आवृत्तीपासून आयएफकॉन्फिग या नेटवर्क इंटरफेस दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत वायफाय कार्ड थेट दिसतच नाही, त्यामुळे नवीन माणूस हमखास घाबरतो. सिसकंट्रोल या सिस्टिमची माहिती देणाऱ्या कमांडला ‘नेट डॉट डब्ल्यूलॅन डॉट डिव्हायसेस’ विचार. उत्तरात आयडब्ल्यूएम० असं काही कार्डाचं नाव आलं, तर ड्रायव्हर चढलाय; फक्त त्याच्यावर डब्ल्यूलॅन० हा इंटरफेस तयार करायचा राहिलाय. ही जोडणी आरसी डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिही, म्हणजे मशीन पुन्हा सुरू केल्यावरही टिकेल. वायफायचा पासवर्ड मात्र तिथे नाही, डब्ल्यूपीए सप्लिकंट या वायफायला जोडून देणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये. ती फाइल फक्त रूटलाच, म्हणजे मुख्य प्रशासक खात्यालाच, वाचता येईल अशी ठेव, हे खरंच विसरू नकोस. सिसकंट्रोलचं उत्तर रिकामंच आलं, तर पीसीआयकॉन्फ या जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या कमांडमधून चिपचं नाव काढ आणि मला कळव.