उतार बांधला, तरी कोणी येत का नाही?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपले वाचनालय तालुक्याच्या गावात आहे आणि इमारत नगरपरिषदेची आहे. दोन वर्षांपूर्वी देणगीतून प्रवेशद्वाराच्या तीन पायऱ्यांशेजारी सहा फुटांचा रॅम्प बांधला गेला, ३ डिसेंबरला म्हणजे दिव्यांग दिनी त्याचे उद्घाटनही झाले, आणि तरीही मे महिन्यातील व्याख्यानमालेला आजवर एकही व्हीलचेअर त्यावरून वर आलेली नाही. समितीतील काही जण आता ‘आपल्या गावात अशी माणसेच नाहीत’ असे म्हणू लागले आहेत आणि पुढील खर्चाला त्यांचा विरोध आहे. कार्यवाह या नात्याने आपण विचारता की चूक कोठे झाली.

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे मी चाळीस वर्षे कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबड्यांवर चाललो, आणि खांदे थकल्यापासून व्हीलचेअर वापरतो. सभागृहे, मंगल कार्यालये आणि वाचनालये पाहून तेथे काय अडते हे सांगण्याचे काम मी बरीच वर्षे विनामोबदला करीत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम ‘माणसेच नाहीत’ या म्हणण्याविषयी. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे २.२१ टक्के व्यक्तींची अपंग म्हणून नोंद झाली. त्याच प्रमाणाने चाळीस हजार वस्तीच्या गावात साडेआठशेहून अधिक माणसे येतात. त्या जनगणनेत आठच प्रकार विचारले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. ही माणसे गावात आहेत. नगरपरिषदेच्या नोंदवहीत त्यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी काही जण बहुधा आपल्याच एखाद्या जुन्या सभासदाच्या घरी, माडीवर, जिना उतरता येत नाही म्हणून बसून आहेत.

आता रॅम्पकडे येऊ. तीन पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या धरल्या तर चढ दीड फूट होतो, आणि सहा फुटांत दीड फूट म्हणजे एकास चार. सर्वसाधारण मान्य असलेले प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी. आपल्या दीड फुटासाठी अठरा फूट लागतील. एकास चारच्या चढावर हाताने चाके ढकलणारा माणूस एकट्याने वर जाऊ शकत नाही. जोर लावला तर पुढची लहान चाके उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. उतरताना तर ती हातात राहतच नाही. गवंड्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आजवर स्कूटर चढवण्यासाठीच उतार बांधलेला असतो आणि त्या कामाला आपला रॅम्प अगदी योग्य आहे. आपल्या रॅम्पवर सध्या स्कूटर उभ्या राहतात, हे आपण स्वतःच लिहिले आहे.

अठरा फूट सरळ जागा नसेल तर भिंतीलगत नऊ फूट चढवून, मध्ये पाच फुटांचा सपाट चौथरा ठेवून, उलट दिशेला उरलेले नऊ फूट चढवता येतात. रुंदी चार फूट असावी. दोन्ही बाजूंना कठडा असावा आणि त्याला धरण्याचे दांडे दोन उंचींवर असावेत, कारण खुर्चीत बसलेल्याचा हात आणि कुबडीवर उभ्या असलेल्याचा हात एका उंचीवर नसतो. कडेला बोट-दोन बोटे उंच कड ठेवावी, म्हणजे चाक किंवा कुबडीचे टोक बाहेर घसरणार नाही. वर गुळगुळीत ग्रॅनाइट मुळीच लावू नये. देणगीदाराच्या नावाची पाटी ग्रॅनाइटची असू द्या. उतार खडबडीतच हवा, नाहीतर पहिल्या पावसात तेथे धडधाकट माणूसही पडेल.

मात्र उद्या अठरा फुटांचा निर्दोष उतार झाला तरी मी येईनच असे नाही. घराच्या उंबरठ्यापासून सभागृहातील जागेपर्यंत आणि तेथून परत घरापर्यंतची वाट मला सलग लागते, आणि ती एका जागी तुटली तरी उरलेल्या सगळ्या सोयींचा मला उपयोग नसतो. आपल्याकडे बरेच जण बाजूला जादा चाके लावलेली स्कूटर वापरतात. ती दारापासून किती अंतरावर लावता येईल आणि तेथून आत जायला खुर्ची कोण देईल, हा पहिला प्रश्न असतो. अंगणात खडी पसरली असेल तर चाक रुतते. जुन्या वाड्यांना दोन फळ्यांचा दरवाजा असतो आणि त्यातली एक फळी कायमची कडी घालून बंद असते; उरलेल्या फटीतून पाहुणे आडवे होऊन आत जातात, खुर्चीला मात्र सुमारे ९० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. कडी काढायला खर्च येत नाही. लाकडी उंबरठ्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी फळी पक्की बसवून घ्यावी.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती स्वच्छतागृहापाशी, आणि याविषयी कोणी उघडपणे बोलत नाही म्हणून मी बोलतो. दोन तासांच्या कार्यक्रमाला यायचे असेल तर माझ्यासारखी माणसे सकाळपासून पाणी पीत नाहीत. स्त्रियांचे हाल याहून अधिक आहेत. एका शहरातील नाट्यगृहात ‘दिव्यांगांसाठी’ अशी सुबक पाटी असलेले स्वच्छतागृह मला मोठ्या अभिमानाने दाखवण्यात आले होते. त्याला कुलूप होते, किल्ली पहारेकऱ्याकडे होती, पहारेकरी जेवायला गेला होता, आणि तासाभराने दार उघडले तेव्हा आत फ्लेक्स, झाडू आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या. नाटकाचा दुसरा अंक मी पाहिला नाही. आपल्याकडे निदान एक कमोड, त्याच्या शेजारी भिंतीत पक्का दांडा, बाहेर उघडणारे किंवा सरकते दार, आणि खुर्ची वळेल अशी सुमारे पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा करून घ्यावी. पैसे एकाच कामापुरते असतील तर मी हे काम आधी करीन आणि उतार नंतर. वर चढायला चार माणसांची मदत नाइलाजाने घेता येते, आत कोणाची घ्यायची?

उचलून घेण्याविषयीही सांगतो. कार्यकर्ते उत्साहाने येतात आणि न विचारताच खुर्चीला हात घालतात. पाय ठेवायची पट्टी किंवा निघणारा हात धरून खुर्ची उचलली तर तो भाग हातात येतो आणि माणूस खाली पडतो. मदत हवी का आणि कोठे धरायचे, हे खुर्चीतील माणसाला विचारावे. त्याच्याशी बोलावे, त्याच्या सोबत्याशी नव्हे.

व्हीलचेअर हे चिन्ह सोयीचे आहे, म्हणून ते सगळीकडे रंगवले जाते आणि बाकीच्यांचा विसर पडतो. ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी ध्वनिवर्धक मोठा करणे हा उपाय नाही, त्याने आवाज फाटतो. वक्त्याच्या चेहऱ्यावर पुरेसा प्रकाश असावा, मागे झगमगती रोषणाई नसावी, आणि ओठ वाचता येतील अशा पुढच्या जागा राखून ठेवाव्यात. बोललेले मराठी लगेच अक्षरांत दाखवण्याची सोय आता मोबाइलमध्ये आहे. माणसांची नावे आणि बोलीतले शब्द त्यात चुकतात, तरीही पडद्यावर ते दिसत राहिले तर पुष्कळ उपयोग होतो. जन्मापासून बहिऱ्या असलेल्यांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. ही भाषा म्हणजे हातांनी केलेले मराठी नव्हे, तिचे व्याकरण स्वतंत्र आहे, त्यामुळे ‘लिहून दिले की झाले’ हा समज चुकीचा आहे. जवळच्या मूकबधिर विद्यालयाशी बोलल्यास निदान एका व्याख्यानापुरती व्यवस्था होऊ शकेल.

अंध व्यक्तींच्या बाबतीत आपण, पायाला किंवा काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या पिवळ्या फरश्या बसवण्याचा विचार लिहिला आहे. या फरश्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे प्रथम बसवल्या. उभ्या रेषा ‘चालत राहा’ असे सांगतात आणि गोल ठिपके ‘थांब, पुढे काहीतरी आहे’ असे सांगतात. म्हणजे ती एक लिपी आहे आणि चुकीची बसवली तर ती खोटे बोलते. रेषांच्या फरश्या थेट विजेच्या पेटीवर नेऊन सोडलेला पदपथ मी पाहिला आहे. आपल्या लहानशा आवारात या खर्चापेक्षा दारापाशी उभा असलेला एक स्वयंसेवक अधिक कामाचा आहे.

खरी अडचण त्याआधीची आहे. अंध माणसाला कार्यक्रम असल्याचे कळतच नाही. आपण व्हॉट्सॲपवर निमंत्रणपत्रिकेचे चित्र पाठवता आणि त्याच्या मोबाइलमधील पडदा वाचून दाखवणारी सोय फक्त ‘चित्र’ एवढेच सांगते. मुद्रकाकडून आलेली फाइलही बहुधा जुन्या फाँटमध्ये असते; ती डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला त्यात इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू येतो. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून चित्राखाली पाठवावा. पाच मिनिटांचे हे काम आजपासून सुरू करता येईल.

वाचनालय म्हणून आपल्याला आणखी एक मुभा आहे, जी फार थोड्या ग्रंथपालांना ठाऊक असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्यानुसार सरकारमान्य ग्रंथालयाला, नफा न घेता, अपंग वाचकांसाठी पुस्तकाची त्यांना वाचता येईल अशी प्रत, उदाहरणार्थ ध्वनिमुद्रित किंवा ब्रेल, हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता येते. ती सर्वसामान्य वाचकांच्या हाती जाणार नाही याची काळजी मात्र घ्यावी लागते. अंध आणि छापील मजकूर वाचता न येणाऱ्या व्यक्तींना पुस्तके मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश होता, २०१४ मध्ये. ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचे ऑनलाइन ग्रंथालयही २०१६ पासून आहे. आपल्या सभासदांत चांगले वाचणाऱ्या निवृत्त शिक्षिका असतीलच.

बौद्धिक अपंगत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचे आईवडील सभेला येत नाहीत याचे कारण पायऱ्या नसून माना वळवून पाहणारे लोक आहेत. मूल मध्येच आवाज करते, उठून फिरते, आणि पंधरा डोकी एकदम मागे वळतात. अध्यक्षांनी आरंभीच ‘कोणी मध्येच उठले किंवा बोलले तर आपण व्याख्यान पुढे चालू ठेवू’ असे सहजपणे सांगावे, आणि दाराजवळच्या काही खुर्च्या अशा कुटुंबांसाठी ठेवाव्यात.

पैशाच्या आणि कायद्याच्या बाबतीत आपली बाजू आपण समजता त्यापेक्षा भक्कम आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य कराव्यात असे २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४५ सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत केव्हाच उलटली. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम रद्द केला आणि सक्तीचे नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांग कल्याणावर खर्च करायचे असतात. इमारत नगरपरिषदेची आहे, तेव्हा देणगीदारांकडे पुन्हा जाण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना या आधारांसह, मोजमापे जोडून, लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचा मार्ग आहेच, पण माझ्या अनुभवात नीट मोजमापांचे पत्र तक्रारीपेक्षा लवकर काम करते.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात कोठेच आली नाही. आपल्या व्यासपीठाला उतार आहे का? बहुतेक ठिकाणी तो नसतो, कारण अपंग माणूस आला तर श्रोता म्हणूनच येईल असे आपण धरून चालतो. एका संस्थेने माझा सत्कार ठेवला होता. वर जाण्याची सोय नव्हती, म्हणून प्रमुख पाहुणे चार पायऱ्या उतरून खाली आले, शाल-श्रीफळ दिले, टाळ्या झाल्या, आणि मनोगत व्यक्त करायला मला ध्वनिवर्धक दिला तेव्हा तिसऱ्या रांगेपलीकडच्या कोणाला मी दिसतही नव्हतो. त्या संस्थेचा हेतू चांगलाच होता. पण आयोजन समितीत माझ्यासारखा एक जरी माणूस असता, तर हे त्याने पहिल्याच बैठकीत सांगितले असते. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींना सामावून घेणारा महोत्सव प्रथम झाला तेव्हा अपंग कलाकार मंचावर होते. तेथे मंचाचा विचार आधीच करावा लागतो.

म्हणून उतार पुन्हा बांधण्यापूर्वी गावातील तीन-चार अपंग व्यक्तींना वाचनालयात बोलवा: एक खुर्चीवरची, एक अंध, एक कमी ऐकू येणारी, आणि शक्य तर एखादी आई. सत्कारासाठी नव्हे, इमारत तपासण्यासाठी. त्यांची बैठक वरच्या मजल्यावर ठेवू नका, हेही लिहून ठेवतो, कारण असे घडलेले मी पाहिले आहे. कार्यकर्त्यांनाच व्हीलचेअरवर बसवून अनुभव घेण्याचा प्रयोग काही जण सुचवतात. मला तो फारसा पटत नाही, कारण दहा मिनिटांनी उठता येणाऱ्या माणसाच्या लक्षात भलत्याच गोष्टी राहतात. त्या तीन-चार जणांपैकी निदान एकाला व्याख्यानमालेच्या समितीत मताधिकारासह घ्यावे. त्यांना ‘दिव्यांग’ म्हणायचे की ‘अपंग’, यावर सभेचा वेळ घालवू नये. ज्याला जे आवडते ते त्याच्याकडूनच कळेल.

या मे महिन्यापर्यंत सगळे होणार नाही. निमंत्रणात काय आहे आणि काय नाही ते स्पष्ट छापा: ‘प्रवेशाला तीन पायऱ्या आहेत, रॅम्प चढा आहे, मदतनीस उपलब्ध, कमोड नाही’, आणि खाली एका कार्यकर्त्याचा दूरध्वनी क्रमांक. असे निमंत्रण मला आले तर मी फोन तरी करीन. ‘सर्वांचे स्वागत’ एवढेच छापलेले निमंत्रण मी बाजूला ठेवतो.

रॅम्पचे एक छायाचित्र येथे टाका, शेजारच्या भिंतीचीही लांबी दिसू द्या, आणि सर्वांत वरच्या पायरीपासून जमिनीपर्यंत टेप धरून घेतलेले माप कळवा. उताराचा आराखडा मी कागदावर काढून देतो.