सायबीण आमच्या घरी येणार आहे. तयारी काय करू? आणि मुलं रोजच्या प्रार्थनेला बसावीत म्हणून काय करता येईल?

(प्रश्न थोडक्यात: नाशिकहून बदली होऊन पर्वरीला आलेलं कॅथलिक कुटुंब, घरात मराठी, मुलं सात आणि अकरा वर्षांची. वाड्यावरची, म्हणजे वस्तीतली, सायबीण (घरोघर नेली जाणारी मारियामातेची मूर्ती) पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे एक रात्र राहणार. चाळीसेक माणसं येतील. लादाईन, म्हणजे मारियेची स्तुतिमाला, लॅटिनमध्ये होते ती कळत नाही, शेजाऱ्यांची कोकणी अर्धीच कळते. शिवाय संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, मुलं बसत नाहीत.)

केटररला आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका. हे आधी सांगते, बाकीचं सोपं आहे.

माझं माहेर वसईचं, सासर बार्देशातलं, म्हणजे पर्वरीच्याच तालुक्यातलं. सायबीण घरोघर नेण्यामागचा हेतूच असा की वाड्यावरच्या प्रत्येक घराचा उंबरा वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी ओलांडावा. भांडलेल्यांनीही, भाड्याने राहणाऱ्यांनीही. आता होतं काय, की पहिलं घर पॅटिस आणि केकचा बॉक्स देतं. दुसरं त्यात सँडविच घालतं. पाचव्या घरी कोल्ड्रिंकच्या शेजारी बिअरचे कॅन दिसतात. आणि दहावं घर निरोप पाठवतं, 'यंदा आमच्याकडे नको, मुलीची परीक्षा आहे.' परीक्षा नसते. बॉक्सचे ऐंशी-नव्वद रुपये धरले तर चाळीस माणसांचे साडेतीन हजार होतात, आणि त्या घरचा माणूस बोटीवरचं काँट्रॅक्ट संपवून चार महिने घरी बसलेला असतो. सायबीण त्याचं दार टाळून पुढे जाते. ज्या घराला शेजाऱ्यांनी येऊन बसण्याची सगळ्यात जास्त गरज, तेच घर वगळलं जातं.

आमच्या वाड्यावर हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: 'घरी आलेल्यांच्या हातावर नुसते चणे ठेवायचे?' होय, चणेच. लादाईन झाली की उकडलेले चणे आणि नारळाचे काप, ही गोव्याची जुनी रीत आहे. ती श्रीमंताच्या घरीही तीच होती आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराच्या घरीही तीच, म्हणून कुणाला कुणासमोर मान खाली घालावी लागत नव्हती. तुम्ही बाहेरून आलेले आहात, तुमच्याकडून कुणी थाटाची अपेक्षा करत नाही. तुम्ही चणे ठेवलेत तर तुमच्यानंतरच्या तीन घरांना चणे ठेवायचं धैर्य येईल. हे काम तुमच्या हातून होऊ शकतं, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

चाळीस माणसांना दोन किलो सुके हरभरे पुरतात. भिजून, शिजून ते दुपटीहून जास्त होतात, म्हणजे माणशी एक वाटी सहज येते. आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजवा, दहा तास तरी. सकाळी पाणी बदला, नाहीतर उग्र वास राहतो. पाच लिटरचा कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. कडधान्याचा फेस शिटीच्या भोकात जाऊन अडकतो, तेव्हा तीन घाण्यांत करा किंवा शेजारणीचा मोठा टोप मागा. टोप मागणं उत्तम, त्या निमित्ताने ती दुपारी मदतीलाच येते. मीठ किलोला दोन सपाट चमचे, शिजताना. दाणा बोटांनी दाबला की चेपला पाहिजे, पण साल सुटता कामा नये. नारळ दोन, पातळ काप करून. ते कधी घालायचे ते शेवटी सांगते, कारण चूक तिथेच होते.

दारू ठेवू नका. पूर्वी फेणीचा पेला फिरायचा हे खरं. पण पूर्वी माणसं चालत घरी जायची. आता अर्धी मंडळी स्कूटरवर येतात आणि मुलं बघत असतात.

आता मूर्तीची जागा. कमरेइतक्या उंचीचं, न डगमगणारं टेबल भिंतीला लावून ठेवा, वर पांढरं कापड. कापड चारही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलं की कुणाचा तरी पाय अडकतो आणि सगळंच खाली ओढलं जातं, म्हणून वीतभरच खाली येऊ द्या. मेणबत्त्या मूर्तीपासून हातभर लांब, काचेत. बरोबर वर पंखा असेल तर तो बंद ठेवावा लागेल आणि माणसं उकाड्याने हैराण होतील, तेव्हा टेबल पंख्याखाली न ठेवता खोलीच्या टोकाला ठेवा. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट होऊन वीज जाते. दोन चार्ज केलेले दिवे हाताशी असू द्या, एक दारात आणि एक लादाईन म्हणणाऱ्यांच्या पुस्तकावर. म्हाताऱ्यांना दहा खुर्च्या, बाकीच्यांना चटया. चपलांसाठी दाराची एक बाजू मोकळी सोडा, कारण सायबीण घेऊन येणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही.

आदल्या घरून सायबीण संध्याकाळी मिरवत आणतात. घरच्यांनी दारात मेणबत्ती घेऊन उभं राहायचं आणि घरातल्या थोरल्याने मूर्ती हातात घ्यायची. मग तेर्स, मग लादाईन, मग गायनं, शेवटी मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि 'विवा'चा जयघोष. सगळं मिळून तास-सव्वा तास. दुसऱ्या संध्याकाळी तुम्हीच तिला पुढच्या घरी पोचवता. ते पोचवणं चुकवू नका. 'मीटिंग होती' म्हणून शेजाऱ्याच्या हाती मूर्ती सोपवणारे लोक आहेत, आणि पुढच्या घराला ते लागतं.

लॅटिनला घाबरू नका. लादाईन म्हणजे इटलीतल्या लोरेतोची स्तुतिमाला, १५८७ साली पोप पाचवे सिक्स्तुस यांनी मान्यता दिलेली. मारियेचं एकेक नाव घेतलं जातं आणि तुम्ही दर वेळी 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचं, 'आमच्यासाठी विनंती कर'. 'आग्नुस देई' तीनदा येतं आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं: आधी 'पार्से नोबिस, दोमिने', मग 'एक्साउदी नोस, दोमिने', शेवटी 'मिसेरेरे नोबिस'. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. मुलांना एवढे चार तुकडे शिकवलेत तर ती सगळ्यांबरोबर म्हणतील. सूर कानावर पडून येतो. पोर्तुगीज काळात इगर्जेच्या (चर्चच्या) शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे साध्या घरच्या बायकाही गाण्यात दुसरा, सोबतीचा सूर धरू शकतात. व्हायोलिनवाला मिळाला तर बोलवा. कराओके लावून लादाईन करू नका, यंत्राचा वेग म्हाताऱ्यांच्या श्वासाला जुळत नाही.

तुमच्या वाड्यावरचं पुस्तक जुनं असेल तर एक गोष्ट आवर्जून सुचवा. जून २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या माळेत तीन नवी नावं घातली. त्यातलं एक 'सोलासियुम मिग्रांतियुम', स्थलांतरितांचा दिलासा. ज्या वाड्यावर दर दुसऱ्या घरचं कुणीतरी कुवेतला, लंडनला नाहीतर बोटीवर आहे, आणि जिथे तुमच्यासारखं कुटुंब नाशिकहून येऊन राहिलंय, तिथे हे नाव वगळलं जाऊ नये.

भाषेबद्दल: घरी मराठीतच प्रार्थना करा, अजिबात संकोच नको. 'इथे कोकणीतच म्हणतात' असं कुणी ऐकवलं तर वाद घालू नका, पण मनाला लावूनही घेऊ नका. याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने येशूची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली ती रायतूरला छापली गेली. सायबिणीच्या रात्री तेर्साच्या पाच दशकांतलं (दशक म्हणजे जपमाळेचा दहा मण्यांचा भाग) एक तुमच्या मुलीने मराठीत म्हणू दे, उत्तर लोक कोकणीत देतील. लय एकच असते, जुळतं. उलट तुम्हीही कोकणी प्रार्थना देवनागरीत लिहून घ्या. रोमी, म्हणजे रोमन, लिपीतलं पुस्तक नाशिकच्या डोळ्यांना पहिल्या महिन्यात झेपत नाही.

आता मुलं. तेर्स हा शब्द पोर्तुगीज 'तिसरा हिस्सा' यावरून आला, कारण पूर्ण जपमाळ तेव्हा पंधरा दशकांची होती आणि रोज त्यातली पाचच म्हणायची. म्हणजे ही प्रथाच मुळी माणसाच्या दमाचा विचार करून पडलेली आहे. पाच दशकांना अठरा-वीस मिनिटं लागतात. सात वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं गुडघ्यांवर ठेवून त्याला भक्ती येत नाही, गुडघेदुखी येते. त्याला एकच दशक द्या, चार मिनिटांचं, आणि ते त्यानेच पुढे राहून म्हणायचं. झालं की त्याला उठू द्या. अकरा वर्षांच्या मुलीने आजची रहस्यं, म्हणजे मनन करायचे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग, कोणती ते सांगायचं: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी घातली, म्हणून तुमच्या सासूबाईंच्या पुस्तकात ती नसतील आणि मुलं त्यावरून वाद घालतील. घालू द्या.

वेळ बदलू नका. संध्याकाळच्या आंजेलुसच्या प्रार्थनेची चर्चची घंटा ऐकू येत असेल तर तिच्याबरोबर, नसेल तर जेवणाआधी. जेवणानंतर ठेवलेली प्रार्थना आठवड्यात मोडते. प्रार्थना झाली की मुलांनी आईबापांकडे, आजी-आजोबांकडे 'बेसांव' मागायचं, म्हणजे आशीर्वाद. दिवसभरात मुलाला ओरडलेले असाल तर त्या क्षणी त्याच्या डोक्यावर हात ठेवणं तुम्हालाही सोपं जात नाही, आणि म्हणूनच ते चुकवू नये. मी तर म्हणेन, एखाद्या दिवशी तेर्स राहिला तरी चालेल, बेसांव राहू नये.

घरातलं कुणी परदेशी असेल तर फोनवर तेर्स म्हणताना एक अडचण हटकून येते. आवाज अर्ध्या-एक सेकंदाने उशिरा पोचतो, सगळे मिळून उत्तर देतात आणि नुसता कालवा होतो, तिसऱ्या दिवशी सगळे सोडून देतात. उपाय असा की लांबच्या माणसाने एक दशक पुढे राहून म्हणायचं आणि उत्तर घरातल्या एकानेच द्यायचं. बाकीच्या दशकांना त्याने आपला माईक बंद ठेवायचा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत अडीच. इथले साडेसात म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा किंवा पाच, ड्युटी पाहून ठरवा.

मैत्री कशी वाढवावी असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायाच्या बैठकीला जा. बहुतेक ठिकाणी शुभवर्तमान सात पायऱ्यांनी वाचतात: प्रभूला बोलावणं, वाचन, भावलेला शब्द मोठ्याने तीनदा म्हणणं, शांतता, मनातलं सांगणं, कामाचं ठरवणं, प्रार्थना. बिघडतं ते चौथ्या आणि पाचव्या पायरीला. शांततेची तीन मिनिटं कुणाला सोसत नाहीत, लगेच गाणं सुरू होतं. आणि कुणी आपलं दुःख सांगितलं की दुसरा त्याला सल्ला देतो. सल्ला देऊ नका. 'ऐकलं' एवढंच म्हणा आणि सहावी पायरी गंभीरपणे घ्या: कुणाला हॉस्पिटलात डबा, कुणाच्या फॉर्मवर सही, कोण जाणार, कोणत्या दिवशी. मृत्यू झालेल्या घरी सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत (चर्चमधल्या उपासनेपर्यंत) गर्दी असते, नंतर थेट महिन्याच्या मिस्साला. मधले तीन आठवडे ते घर एकटं असतं. तुम्ही पंधराव्या दिवशी पेजेचं भांडं घेऊन जा आणि अर्धा तास बसा.

हे सगळं बार्देशातल्या रीतीप्रमाणे लिहिलंय. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत क्रम थोडा वेगळा असेल, वाड्यावाड्यातही फरक असतो, तेव्हा वाड्याच्या प्रमुखाला आधी विचारा. पैशांचं पाकीट द्यायचं का, किती, हेही तिथेच विचारा. आणि घरात खरोखर कुणी आजारी असेल म्हणून बॉक्स मागवलेत तर त्यात पाप नाही. फक्त पुढच्या घराला 'तुम्ही चणेच ठेवा, आम्हाला आवडतात' असं आधी जाऊन सांगा.

राहिले नारळाचे काप. चणे दुपारी शिजवून गरम असताना त्यात काप टाकून झाकण लावलं, तर इथल्या दमट हवेत रात्रीपर्यंत आंबतात. चणे पाणी निथळून परातीत पसरून गार करा. काप वेगळ्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. 'साल्वे रेजिना' हे मारियेचं लॅटिन गीत सुरू झालं की स्वयंपाकघरातल्या एकीने उठायचं आणि तेव्हा मिसळायचे.