वाचकांचे प्रश्न : हँडलवर घंटीला जागा कुठे?

प्रश्न : मी गेल्या वर्षी एकवीस गिअरची हायब्रिड सायकल घेतली. सरळ हँडलवर दोन्ही बाजूंना ब्रेक आणि गिअरचे शिफ्टर आहेत. मधल्या भागात दिवा, मोबाइलचा होल्डर आणि वेग दाखवणारे छोटे यंत्र आहे. दुकानदाराने सायकलीबरोबर दिलेली मोठी घंटी उरलेल्या जागेत कशीबशी बसते, पण तिची वाटी ब्रेकच्या तारेला टेकते आणि 'ट्रिंग' ऐवजी नुसते 'टक्' ऐकू येते. मी पहाटे ज्या रस्त्याने जातो तिथे फिरायला येणारे बहुतेक लोक ज्येष्ठ नागरिक असतात. कोणती घंटी घ्यावी आणि ती नेमकी कुठे बसवावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमच्या वर्णनातच निम्मे उत्तर आलेले आहे. घंटीची पट्टी दांडीवर बसली, म्हणजे तेवढी जागा तिथे आहे. अडचण दांडीच्या वर, वाटीच्या घेरात आहे. साध्या घंटीची पट्टी जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंद असते, पण वाटीचा व्यास साडेपाच-सहा सेंटीमीटर असतो, आणि ती वाटी कशालाही न टेकता मोकळी राहिली तरच नाद उमटतो. तार, ब्रेकच्या आवरणाची कड, मोबाइलच्या होल्डरचा कोपरा, यांपैकी काहीही नुसते चिकटले तरी वाटीची थरथर तिथेच विझते. म्हणून खरेदीआधी पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा, एक सहा सेंटीमीटरची आणि एक साडेतीन सेंटीमीटरची. त्या दांडीवर वेगवेगळ्या ठिकाणी धरून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. सरळ धरलेल्या हँडलवर सुटी वाटणारी तार वळणावर कुठे येऊन टेकते, ते त्याच वेळी कळते.

दुसरे माप दांडीच्या जाडीचे. त्यासाठी व्हर्नियर लागत नाही. दांडीभोवती दोऱ्याचा एक वेढा घ्या आणि तो दोरा पट्टीवर मोजा. सात सेंटीमीटर भरला तर दांडी २२.२ मिलिमीटरची, आठ भरला तर २५.४ची आणि दहा भरला तर ३१.८ची. सरळ हँडल ग्रिपपाशी २२.२ असते आणि मधोमध, जिथे स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा तुकडा) ते पकडतो तिथे, बऱ्याच नव्या सायकलींवर ३१.८ असते. या दोन्हींच्या मधला भाग उतरता असतो आणि तिथे कोणतीही पट्टी घट्ट राहत नाही. कितीही आवळली तरी दहा-बारा खड्ड्यांनंतर ती बारीक बाजूकडे सरकते. साधी घंटी २२.२साठी बनलेली असते. ती फाकवून ३१.८वर चढवण्याचा प्रयत्न मी स्वतः केला आहे आणि पट्टी बिजागरीपाशी तुटल्यावर तो सोडलाही आहे.

आता जागेविषयी. माझ्या मते घंटीची जागा अंगठ्याने ठरवावी, हँडलवर उरलेल्या मोकळ्या पट्टीने नव्हे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. ग्रिप सोडून हात मधे न्यायचा, घंटी चाचपायची, वाजवायची आणि पुन्हा ब्रेकवर यायचे, यात तो सेकंद सहज जातो. आणि नेमक्या त्याच सेकंदात ब्रेक लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. माझ्या सायकलीवर पहिली दोन वर्षे घंटी स्टेमला चिकटून होती, कारण तिथे जागा होती. त्या दोन वर्षांत मी ती क्वचितच वाजवली. तोंडानेच 'बाजू, बाजू' म्हणत गेलो.

तेव्हा आधी बाकीच्या वस्तू हलवा. वेगाचे यंत्र रबरी कड्यांनी बांधलेले असेल तर ते बहुतेकदा स्टेमवर जाते. दिवा आणि मोबाइल यांना अंगठ्याजवळ असण्याचे काहीही कारण नाही. ते मधल्या जाड भागाकडे सरकवा. (मोबाइल घरी किंवा खिशात ठेवता आला तर प्रश्नच मिटतो, पण हा सल्ला कोणी मानत नाही, असा माझा अनुभव आहे.) एवढे करूनही जागा झाली नाही तर ब्रेकचा क्लॅम्प ग्रिपपासून सेंटीमीटरभर आत घेऊन पाहा. क्लॅम्पच्या पोटाशी असलेला ॲलन की लागणारा स्क्रू ढिला केला की तो दांडीवर सरकतो. त्यामुळे ग्रिप आणि ब्रेक यांच्यामध्ये अरुंद पट्टीची घंटी बसेल एवढी फट तयार होते, आणि ही अंगठ्यासाठी सर्वांत सोयीची जागा असते. मात्र तुमच्या सायकलीत ब्रेक आणि शिफ्टर एकाच साच्यात जोडलेले असतील, तर ब्रेकबरोबर शिफ्टरही आत जाईल. गिअरचा खटका अंगठ्याच्या टप्प्यात राहतो ना, हे पाहूनच स्क्रू आवळा. तोही इतकाच आवळा की हाताच्या जोरदार धक्क्याने क्लॅम्प फिरेल, पण ब्रेक दाबताना हलणार नाही. सायकल पडली तर क्लॅम्प फिरतो आणि ब्रेकचा दांडा मोडत नाही.

डावी बाजू की उजवी? मी डावी सुचवेन. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढतो, आणि त्या वेळी हँडलवर डावाच हात उरतो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. डाव्या अंगठ्याने घंटी वाजवताना उजवी बोटे त्या ब्रेकवर तयार राहतात. तुमच्या सायकलीत उलटे असेल तर हा विचारही उलटा करा. एक बारकावा दुकानातच तपासा: खटका फिरवण्याच्या अनेक घंट्या एकाच बाजूसाठी घडवलेल्या असतात, आणि त्या दुसऱ्या बाजूला लावल्या की खटका अंगठ्याकडे न येता विरुद्ध दिशेला तोंड करून बसतो. घंटी हातात धरून, मूठ ग्रिपवर असल्यासारखी वळवून, अंगठा पोहोचतो का ते पाहावे.

वरच्या बाजूला जागा नाहीच म्हटल्यावर काही जण घंटी दांडीखाली टांगतात. खाली शिफ्टरचे खटके असल्याने ते प्रत्येक वेळी जमत नाही, आणि जमले तरी त्यात एक गंमत आहे. नेहमीच्या घंटीत वाटीचे तोंड खाली असते, त्यामुळे पाऊस वरून ओघळून जातो. उलटी टांगली की तीच वाटी पावसाचे पाणी जमवणारी वाटी होते. जुलैत ती घंटी वाजत नाही, खळखळते. खालीच लावायची असेल तर ती काटकोनात फिरवून वाटीचा फुगवटा पुढे, रस्त्याकडे येईल अशी बसवा, म्हणजे पाणी थांबत नाही.

कोणती घंटी, हा प्रश्न तुमच्या बाबतीत जरा नाजूक आहे. जागा कमी असली की मन साहजिकच छोट्या पितळी घंटीकडे जाते. तिच्यात एक स्प्रिंगवरची हातोडी असते. बोटाने ती ओढून सोडली की एकच स्वच्छ टोल पडतो, आणि पितळ असल्यामुळे तो बराच वेळ घुमतो. पण वाटी जितकी लहान तितका तिचा स्वर उंच, आणि वय वाढते तसे माणसाला आधी उंच स्वरच ऐकू येईनासे होतात. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही घंटी घेत आहात त्यांनाच ती सर्वांत कमी ऐकू येण्याची भीती आहे. पुठ्ठ्याची मोठी चकती थोड्या हलवाहलवीने मोकळी बसत असेल, तर मोठ्या वाटीचीच घंटी ठेवा. तीतील खटका दातेरी चक्रे फिरवतो, चक्रांबरोबर गरगरणारे सुटे वॉशर बाहेर फेकले जाऊन वाटीच्या आतल्या उंचवट्यांवर आपटतात आणि ती लांबलचक 'ट्रिंग ट्रिंग' निघते. एका टोलाकडे माणूस दुर्लक्ष करू शकतो, या आवाजाकडे सहसा नाही. मोठी बसतच नसेल तर चार-साडेचार सेंटीमीटरची पितळी घंटी हा मधला मार्ग आहे. दांडीभोवती कड्यासारखी गुंडाळली जाणारी, वाटी नसलेली घंटीही मिळते. जागा वाचवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण तिचा आवाज मंजुळ आणि बेताचा असतो. बॅटरीवरचा भोंगा पहाटेच्या रस्त्यावर वापरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दचकलेला माणूस बाजूला होत नाही, तो आडवा येतो.

बसवताना पट्टीखाली जुन्या ट्यूबचा एक पदर द्या. त्याने पट्टी घसरत नाही आणि दांडीवर ओरखडे पडत नाहीत. दोन-तीन पदर देऊ नका. मग घंटीच डुलते आणि वाटी पुन्हा तारेला जाऊन भेटते.

प्रश्न : माझ्या रोड बाइकच्या वाकड्या हँडलला पूर्ण टेप गुंडाळलेला आहे. मोकळी जागा फक्त स्टेमच्या दोन्ही बाजूंना आहे आणि तिथे साधी घंटी बसत नाही. हेडसेटवरच्या (हँडल ज्या बेअरिंगवर फिरते त्यावरच्या) स्पेसरच्या, म्हणजे स्टेमखालच्या कड्याच्या, जागी बसणारी घंटी घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ती दिसायला नीटनेटकी असते, पण वाजवायला हात मधे न्यावा लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हे चालते. घाट उतरताना नाही. तरीही घ्यायची असेल तर तिच्या कड्याचा आतला व्यास २८.६ मिलिमीटर आहे ना, ते पाहा, कारण बहुतेक नव्या सायकलींच्या फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची) वरची नळी तेवढ्या मापाची असते. कड्याची उंची जेवढी, तेवढ्याच उंचीचा जुना स्पेसर काढावा लागतो; एकूण उंची बदलली तर वरची टोपी बेअरिंगवर योग्य दाब देत नाही. जोडणीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट ढिले करायचे आणि मगच वरची टोपी काढायची; परत लावताना आधी टोपीचा बोल्ट बेताने आवळून खडखड घालवायची आणि मग स्टेम सरळ धरून बाजूचे बोल्ट घट्ट करायचे. झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि हेडसेटवर बोट ठेवा. बोटाला 'टकटक' जाणवली तर जोडणी ढिली आहे, आणि हँडल वळायला जड झाले तर टोपी जास्त आवळली गेली आहे. तुमची सायकल जुन्या पद्धतीची, म्हणजे वरून एकच बोल्ट असलेल्या वाकड्या स्टेमची असेल, तर हा मार्ग बंद आहे.

मी तुमच्या जागी असतो तर रबरी कड्याने बांधली जाणारी छोटी पितळी घंटी घेऊन ती ब्रेकच्या हुडच्या (हात टेकवायच्या रबरी आवरणाच्या) किंचित आत, टेपवरच बांधली असती. बराच वेळ हात हुडवर असतो आणि तिथून अंगठा किंवा तर्जनी तिच्यापर्यंत पोहोचते. रबर टेपवर चांगले धरते. हँडल कार्बनचे असल्यास तर धातूच्या पट्टीपेक्षा हेच बरे, कारण कार्बनला एका जागी पडणारा दाब सोसत नाही.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलीची घंटी पावसाळ्यानंतर थड् थड् वाजते. खटका दाबला की परतही लवकर येत नाही. नवी घ्यावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी उघडून पाहा. वाटी मधल्या स्क्रूवर असेल तर तो काढा. स्क्रू दिसत नसेल तर पूर्ण वाटीच डावीकडे फिरवून निघते. आत गंज आणि वाळलेल्या ग्रीसचा चिकटा मिळेल. रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या दातघासणीने चक्रे स्वच्छ करा, कोरडी पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब फक्त चक्रांच्या आसांवर सोडा. फिरणाऱ्या वॉशरना तेल लावू नका, ग्रीस तर कुठेच नको. वॉशर जड झाले की ते बाहेर फेकले जात नाहीत आणि आवाज पुन्हा बसतो. खटक्याची स्प्रिंग तुटलेली असेल तर मात्र दुरुस्तीत वेळ घालवू नका.

प्रश्न : मी जर्मनीत राहतो. हँडलला मोठी पिशवी लावल्यामुळे घंटी काढून ठेवली असून त्याऐवजी यूएसबीवर चार्ज होणारा छोटा हॉर्न लावला आहे. हे चालेल का? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : चालणार नाही. तिथल्या वाहन नियमांच्या कलम ६४अ प्रमाणे सायकलीवर स्पष्ट, खणखणीत वाजणारी किमान एक घंटी हवीच, आणि तिच्याशिवाय आवाजाचे दुसरे कोणतेही साधन लावता येत नाही. चाकाला टेकून वाजणाऱ्या घंट्यांनाही मनाई आहे. सुटीत शेजारच्या फ्रान्समध्ये सायकल नेणार असाल तर तिथे घंटीचा आवाज किमान ५० मीटरवर ऐकू यावा, असा नियम आहे, त्यामुळे अगदीच नाजूक घंटी घेऊ नका. पिशवी मधल्या भागात असते, ग्रिपपाशी नव्हे. तेव्हा ब्रेकच्या आतल्या बाजूला अरुंद पट्टीची घंटी बसू शकेल. फक्त पिशवी पूर्ण भरून मगच जागा ठरवा, कारण भरलेली पिशवी दोन्ही बाजूंना फुगते आणि रिकाम्या पिशवीच्या मापाने बसवलेली वाटी तिच्या कापडात रुतून मुकी होते.