विषाणू गेल्यानंतरचं बघ

प्रिय बाय,

तुझा मेल वाचला. गाईड म्हणतात लागण दिल्यावर सातव्या दिवशी सगळे उंदीर सॅक्रिफाइस कर, म्हणजे तपासणीसाठी मार, फुफ्फुसातला विषाणू मोज, स्लाइड काढ, वर्षभरात पेपर होऊन जाईल. आणि तू पीएचडीला गेलीस ती कोविड बरा झाल्यावर माणसांना जे मागे राहतं त्याच्यावर काम करायला. वर मलाच विचारतेस की हॅमस्टर, ते उंदरासारखे छोटे प्राणी, तर दोन आठवड्यांत बरे होतात, मग त्यांच्यात बघायला उरतं काय? अगं, तिथूनच तर तुझं काम सुरू होतं! बरा झालेला प्राणी बघ. एवढं एकच मला सांगायचंय आणि तुला कंटाळा येईपर्यंत मी तेच सांगणार आहे.

तुझ्या लॅबमधले ते के-१८ उंदीर वाईट नाहीत. विषाणू पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो, आणि साध्या उंदराच्या एसीई-२ ला कोविडचा मूळ विषाणू नीट चिकटत नाही, म्हणून माणसाचा एसीई-२ घातलेला उंदीर लागतो, आणि हा तर २००७ पासून आहे, कोविडआधीच्या पहिल्या सार्सच्या अभ्यासासाठी केलेला. लस किंवा औषध मरण टाळतं का हे बघायला उत्तम. पण त्याच्यात विषाणू मेंदूत शिरतो आणि आठवड्याभरात उंदीर मरायला टेकतो. माणसाचं बहुतेक वेळा असं होत नाही. डोस कमी करून काही उंदीर वाचवता येतात, ठीक, पण मग जे वाचले ते मुळातच कमी आजारी पडलेले होते का, हा प्रश्न तुझ्या मागे लागेल आणि त्याला तुझ्याकडे उत्तर नसेल.

सीरियन हॅमस्टरला जनुकात काहीही न बदलता लागण होते, वजन उतरतं, आठवड्याभरात फुफ्फुसातला विषाणू संपत येतो, वजन परत भरतं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने हेच हॅमस्टर ३१ व्या दिवशी तपासले. विषाणू केव्हाच गेलेला, पण नाकातल्या वासाच्या अस्तरात आणि मेंदूतल्या वासाच्या भागात सूज तशीच. त्यांनी शेजारी फ्लू झालेले हॅमस्टरही ठेवले होते, म्हणून तर कळलं की कुठली खूण कोविडची आणि कुठली फुफ्फुसाच्या कुठल्याही आजारात उमटते. ते सातव्या दिवशी थांबले असते तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. त्याच वर्षी अकिको इवासाकी आणि मिशेल मॉन्जे या शास्त्रज्ञांच्या गटांनी उंदराच्या फक्त श्वासमार्गात माणसाचा एसीई-२ घातला, लागण सौम्य ठेवली, मेंदूत विषाणू सापडला नाही, तरी सात आठवड्यांनी मेंदूतल्या मायलिनवर, म्हणजे चेतातंतूंवरच्या आवरणावर, परिणाम दिसत होता. के-१८ मध्ये हे तू कसं वेगळं काढणार होतीस?

आजार माणसात ज्या वाटेने जातो त्याच वाटेने प्राण्यात जातो का, हे आधी विचारायचं असतं. पोलिओचं उदाहरण घे. र्‍हीसस माकडांना नाकातून लागण होत होती, आणि वर्षानुवर्षं चेतापेशींमध्येच वाढवलेला विषाणू वापरला जात होता, त्यावरून मोठमोठी माणसं ठामपणे सांगायला लागली की पोलिओ नाकातून शिरतो. १९३७ साली टोरोंटोत हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं. पोलिओ काही थांबला नाही, उलट काही मुलांचा वास गेला. पोलिओ तोंडावाटे पोटात जातो हे पटायला पुढची कितीतरी वर्षं गेली. माकडांनी खोटं सांगितलं नव्हतं गं, त्यांना विचारलंच चुकीचं होतं.

आणि प्राण्याची जातसुद्धा बघ. थायलरचा विषाणू, हा उंदरांचाच एक विषाणू, एसजेएल जातीच्या उंदराच्या मेंदूत दिला तर तो तिथेच मुक्काम करतो आणि पुढे मायलिन झिजतं. तोच विषाणू सी-५७ जातीच्या काळ्या उंदरात दिला तर शरीर त्याला काढून टाकतं, पण कित्येकांना झटके येतात आणि त्यातल्या काहींना पुढे फेफरं लागतं. विषाणू गेला म्हणजे आजार गेला असं मानणाऱ्याने हे उंदीर एकदा तरी बघावेत.

इतकं चिडून का लिहितेय ते सांगते. चिकनगुनियाच्या २००६ च्या साथीनंतर आपल्याकडे किती बायका वर्षभर सांधे धरून बसत होत्या, शिडी चढवेना, नारळ किसवेना, आणि डॉक्टर म्हणायचे रिपोर्ट नॉर्मल आहे. नंतर उंदरात दिसलं की जिवंत विषाणू सापडत नाही तेव्हाही त्याचा आरएनए सांध्यात १६ आठवड्यांनी मिळतो. त्या बायका खोटं बोलत नव्हत्या! मी तेव्हा दुसऱ्या राज्यात एका संस्थेत होते आणि असाच लांबचा प्रयोग चालू होता. वरून निरोप आला की पिंजरे हवेत, निरोगी प्राणी नुसते बसून खातात, ते कमी करा. माझी सही न घेता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले निरोगी उंदीर, काढून टाकले. माझ्याकडे उरले म्हातारे झालेले आजारी उंदीर, आणि सांध्यातला बदल आजाराचा की वयाचा हे सांगायला त्याच वयाचा एकही निरोगी उंदीर नाही. त्या स्लाइड्स नंतर कोणीच बघितल्या नाहीत. हळहळ आजही जात नाही.

त्यानंतर मी शेवटच्या दिवसाचे कंट्रोल ठेवल्याशिवाय एकही प्रयोग सुरू होऊ दिला नाही. विद्यार्थ्यांचे पेपर लांबले, एकजण तर लॅब सोडून गेला, मला हेकट म्हणायचे. म्हणू देत. मी आजही तसंच करेन, कारण बाकी कशानेही तो प्रश्न सुटत नाही.

तू लिहिलंयस की त्या जिवांना इतके दिवस पिंजऱ्यात ठेवणं तुला बरं वाटत नाही. ते वाटलंच पाहिजे, ज्याला वाटत नाही त्याला मी ॲनिमल हाऊसची चावी देत नाही. पण सातव्या दिवशी, आजार अगदी भरात असताना मारलेला हॅमस्टर कमी सोसतो असं तुला का वाटतं? बरा झालेला खातो, पळतो, घरटं करतो. वजन किती टक्के उतरलं की थांबायचं ते आधीच लिहून ठेव आणि तिथे थांब. शिवाय त्याच प्राण्याची परीक्षा दर आठवड्याला घेता येते, भुशाखाली खाऊ लपव आणि तो हुंगून काढायला किती वेळ लावतो ते मोज, म्हणजे दर आठवड्यासाठी वेगळे प्राणी लागत नाहीत.

आणि हे फक्त कोविडचं नाही. २०१५ साली आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, पालीला, माकडताप आला. काजूच्या बागेत राबणारी माणसं, गोचिडी, मेलेली माकडं, सगळं तू लहान असताना ऐकलंच असशील. त्यात ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे गेल्यावर काहींना दुसरा ताप येतो, डोकं, मान, थरथर. मेलेल्या माकडावर सगळ्यांचं लक्ष जातं, जायलाच हवं, त्यावरून गावाला सावध करता येतं. पण ज्या माकडाला लागण झाली आणि जे वाचलं त्याच्या मेंदूत नंतर काय चालतं? हे विचारायला आपल्याच भागातलं कोणीतरी लागेल, आणि तुझ्या डोक्यात आधी हॅमस्टरवरची शिस्त बसली तरच तू ते विचारशील.

गाईडशी भांडू नकोस. सातव्या दिवसाचा एक गट त्यांच्यासाठी ठेव, त्यांचा पेपर होऊ दे. पण त्याच्याच शेजारी ३१ व्या दिवसाचा गट, फ्लूचा गट, आणि नुसतं सलाईन दिलेले त्याच वयाचे हॅमस्टर, हे एकाच अर्जात मंजूर करून घे. नंतर वाढवून मिळत नाहीत. मसुदा एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी मला पाठव, गुरुवारपर्यंत. प्राण्यांच्या संख्येचा कॉलम पहिला भर, आणि त्यात शेवटच्या दिवसाच्या कंट्रोलची ओळ नसेल तर पाठवूच नकोस.

तुझी,
मावशी