कपाटांचा उग्र वास आणि ग्राहक आयोगापुढचा पुरावा

प्रश्न : पुण्यातील आमच्या सदनिकेत इंटिरिअर कंत्राटदाराकडून ४ लाख ८० हजार रुपयांत कपाटे करून घेतली. कोटेशनमध्ये ‘ई-१ दर्जाचा प्लाय’ असे लिहिले आहे. पाच महिने झाले तरी कपाट उघडताच डोळे चुरचुरतात, मुलीचा खोकला थांबत नाही. ऑनलाइन मागवलेले मीटर फॉर्मल्डिहाइड (फळ्यांच्या गोंदातून सुटणारा, डोळ्यांना झोंबणारा वायू) ०.४ दाखवते. कंत्राटदार म्हणतो, ‘नव्याचा वास आहे, जाईल.’ या आकड्यावर त्याच्याविरुद्ध आणि बिल्डरविरुद्ध तक्रार करता येईल का?

उत्तर : कंत्राटदाराविरुद्ध तक्रार करता येईल; मात्र ती या आकड्यावर उभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील हवेत फॉर्मल्डिहाइड किती असावे याची कायद्याने बंधनकारक मर्यादा आपल्याकडे नाही. २००९ची राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेसाठी आहेत आणि त्यांतील १२ प्रदूषकांत फॉर्मल्डिहाइड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा, म्हणजे ३० मिनिटांच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, आधारासाठी दाखवता येते, पण तिचे उल्लंघन म्हणजे कायद्याचा भंग नव्हे. शिवाय स्वस्त मीटर सॅनिटायझरच्या वाफेनेही चढते आणि खोलीतला वायू कपाटातून आला, नव्या सोफ्यातून की उदबत्तीतून, हे मुळीच सांगत नाही. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील.

आपली खरी ताकद कोटेशनमधील त्या तीन शब्दांत आहे. ‘ई-१’ हा युरोपीय वर्ग खोलीचा नसून फळीचा गुण सांगतो : चाचणी-कक्षात ठेवलेल्या फळीमुळे तेथील हवेतील फॉर्मल्डिहाइड घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक होता कामा नये. त्यामुळे, जे कबूल केले तेच दिले का, एवढाच प्रश्न आयोगापुढे राहतो आणि खोकला कशामुळे झाला हे सिद्ध करण्याचे अवघड ओझे आपल्यावर येत नाही. खोकल्याची भरपाई मागायचीच असेल, तर कारणसंबंध सांगणारे डॉक्टरांचे लेखी मत जोडून ती दुय्यम मागणी म्हणून ठेवावी.

म्हणून एनएबीएल-मान्यताप्राप्त (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या) प्रयोगशाळेकडून फळीची आणि हवेची अशा दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. कंत्राटदाराला तारीख लेखी कळवून, तो आला नाही तरी दोन साक्षीदारांसमक्ष, कपाटाच्या मागच्या फळीचा तुकडा कापावा, छायाचित्रे काढावीत आणि अर्धा भाग मोहोरबंद करून स्वतःकडे ठेवावा. ‘प्लाय’ म्हणून पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) बसवले असेल, तर ते कापलेल्या कडेवर उघड्या डोळ्यांनाच दिसेल. हवेचा नमुना रात्रभर दारे-खिडक्या बंद ठेवून घ्यावा. सोबत कपाट नसलेल्या खोलीचा आणि बाहेरचाही नमुना असावा, म्हणजे स्रोत वेगळा काढता येतो. त्या वेळचे तापमान आणि आर्द्रता अहवालात नोंदवून घ्यावी, कारण फळी चिकटवणारी युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ उष्ण, दमट हवेत जास्त वायू सोडते. कंत्राटदाराने अहवाल नाकारला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या कलम ३८(२)(ग) खाली आयोगच नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. राखलेला अर्धा तुकडा तेव्हा कामी येईल.

वस्तूच्या दर्जाविषयी खोटी माहिती देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपण जेथे राहता तेथील जिल्हा आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, फळ्या बदलून मिळाव्यात किंवा पैसे परत मिळावेत अशी मागणी करता येते. मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. बिल्डरला यात ओढण्याचे कारण दिसत नाही. कपाटे विक्री-करारातील सुविधांत असती, तर रेरा (स्थावर संपदा) अधिनियमाच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर आली असती. आपल्या प्रकरणात तसे नाही.

तोवर मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवावे आणि नमुना घेण्याची रात्र सोडता खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कपाटे मात्र नमुने घेऊन होईपर्यंत काढू नयेत आणि वास दाबण्यासाठी कंत्राटदाराने पॉलिश मारून देण्याची तयारी दाखवली, तरी ते करू देऊ नये.