बिग टेन नेटवर्कसाठी वेगळे पैसे मोजावेत का?

बिग टेन म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांचा क्रीडागट, आणि बिग टेन नेटवर्क हे त्यांचे सामने दाखवणारं टीव्ही चॅनेल. फक्त (अमेरिकन) फुटबॉलसाठी घेणार असाल तर नको. 2023 पासून बिग टेनचे मोठे फुटबॉल सामने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या मोठ्या चॅनेलवर असतात. मिशिगन-ओहायो स्टेट सामना तर साध्या अँटेनावर फुकट दिसतो. बिग टेन नेटवर्कच्या वाट्याला बहुतेक उरलेसुरले सामने येतात. (अर्थात 2007 मध्ये, चॅनेल सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, असाच एक 'किरकोळ' सामना इथे लागला होता आणि त्यात अ‍ॅपलाचियन स्टेट या छोट्या विद्यापीठाच्या संघाने मिशिगनला 34-32 असं लोळवलं!)

व्हॉलीबॉल आणि कुस्ती आवडत असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं. 2023 मध्ये नेब्रास्काच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये भरवला, 92,003 प्रेक्षक आले, आणि तो याच चॅनेलवर दाखवला. पेन स्टेट आणि आयोवाच्या मल्लांच्या लढती तर कोल्हापूरकरानेही खुर्चीच्या टोकावर बसून बघाव्यात अशा. शैली आपल्यापेक्षा वेगळी, पण दम तोच.

पैसे भरण्याआधी तुमचं केबलचं पॅकेज तपासा. इलिनॉय, ओहायो अशा बिग टेनच्या राज्यांत हे चॅनेल बऱ्याचदा नेहमीच्या पॅकेजमध्येच असतं. बाहेरच्या राज्यांत स्पोर्ट्स पॅकचे जादा पैसे पडू शकतात. आणि 'बिग टेन प्लस' म्हणजे हे चॅनेल नव्हे. ती वेगळी स्ट्रीमिंग सेवा आहे, टीव्हीवर न येणाऱ्या सामन्यांसाठी. कुस्तीच हवी असेल तर यूट्यूब टीव्हीसारख्या ऑनलाइन टीव्ही सेवेचं महिन्याचं पॅकेज जानेवारी-फेब्रुवारीपुरतं घ्या आणि मग बंद करा.