नवव्या दिवशी भुवया कुठे गेल्या?

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची, कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून भुवयांची टोकं कधीच विरळ झाली होती. मेमध्ये मुलीचं लग्न आहे, म्हणून हौसेनं मायक्रोब्लेडिंग करून घेतलं. पहिले चार दिवस भुवया इतक्या काळ्या, की सासूबाई म्हणाल्या, ‘कोळशानं काढल्यास का गं?’ पाचव्या दिवसापासून खपल्या पडायला लागल्या. आज नववा दिवस आहे आणि भुवयाच नाहीत! उजवीकडे मधोमध एक ठिगळ उरलंय, डावीकडे तेही नाही. पैसे पाण्यात गेले का? लग्नाला पाच आठवडे राहिलेत. लगेच पुन्हा भरून घेऊ का?

उत्तर : हात जोडून सांगते, आत्ता कुणालाही त्या भुवयांना हात लावू देऊ नका. रंग गेलेला नाही, सायीखाली आहे.

मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांच्या पात्यानं केसासारखे ओरखडे काढून त्यांत पिगमेंट भरतात. ते बसायला हवं वरच्या पापुद्र्याच्या जरा खाली. पण सुई वरूनच आत जाणार, त्यामुळे वरच्या पापुद्र्यातही बराच रंग अडकतो, शिवाय जखमेतली लस वाळून त्यावर बसते. सासूबाईंना दिसला तो कोळसा हा. तो जायचाच होता. खपली पडल्यावर जी नवी कातडी येते ती सुरुवातीला दुधाळ असते, तिच्याआडून खालचं काही धड दिसत नाही. ती निवळत गेली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भुवया परत यायला लागतात. माझ्याकडच्या एक बाई तर म्हणाल्या, ‘सकाळी आरशात बघते तर आलेल्या!’ जणू माहेरपणाला गेल्या होत्या.

खरा रंग किती धरला, हे सहा आठवड्यांआधी मीही सांगू शकत नाही, तुमची पार्लरवालीही नाही. टच-अप, म्हणजे कमी धरलेल्या जागी पुन्हा रंग भरणं, सहा ते आठ आठवड्यांनी करतात तो त्यासाठीच. काही ठिकाणी रंग कमी धरतोच. ती कामातली खोट नव्हे, टच-अप हा कामाचाच दुसरा अर्धा भाग आहे. तो तुम्ही दिलेल्या पैशांत धरलाय का, एवढं मात्र आजच विचारून ठेवा.

आता तुमचा हिशेब करू. आज नववा दिवस, लग्नाला पाच आठवडे, म्हणजे लग्नाच्या दिवशी साधारण चव्वेचाळिसावा. टच-अपची वेळ नेमकी लग्नघरात येते. कुणी म्हणेल, ‘दोन दिवस आधी करून टाकू, ताज्या दिसतील.’ मुळीच नाही. टच-अपनंतर पुन्हा तोच कोळसा, पुन्हा खपल्या. सीमांतपूजनाला व्याह्यांसमोर तुम्ही खपल्या घेऊन उभ्या राहणार का? लग्न होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, मग निवांत जा. तोवर जिथं विरळ वाटेल तिथं पेन्सिल फिरवा. खपल्या आपोआप पूर्ण पडून दोन आठवडे झाले की पेन्सिल चालते.

पुण्यातल्या बाईला एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती म्हणजे स्कार्फ. दुचाकीवर निघताना आपण कपाळावरून करकचून जो फडका बांधतो, तो बरोबर भुवयांवर घासतो. हेल्मेटच्या आतलं पॅडही तिथंच टेकतं. माझ्याकडची एक मुलगी रोज वाघोलीहून स्वारगेटला यायची, तिच्या भुवयांच्या वरच्या कडा अशाच अर्धवट उडाल्या. अजून चार-पाच दिवस रिक्षानं किंवा बसनं जा. हेल्मेट काढून ठेवा असं मी म्हणत नाही, जीव भुवईपेक्षा मोठा! चेहऱ्यावर वाफ नको, कुकरचं झाकण काढताना तोंड लांब ठेवा. घाम टिपा, पुसू नका. खाज सुटेल, नखानं खरवडू नका. खपली ओढून काढली की तिच्याबरोबर खालचा रंगही निघतो आणि तिथं पांढरट रेघ राहते. टिळक तलावावर पोहायला जात असाल तर तीन-चार आठवडे सुट्टी.

लग्नाआधी तुम्ही फेशियल करणार, त्यात ग्लायकोलिकचं पील (वरची कातडी सोलणारं आम्ल) वगैरे पॅकेजमध्ये घालतात. भुवया आणि त्यांच्याभोवतीचं बोटभर कपाळ सोडायला सांगा. रात्री रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तर तेही. ही दोन्ही कातडी भराभर बदलायला लावतात आणि रंग लवकर उडतो. आणि ऊन! एप्रिल-मेचं पुण्याचं ऊन म्हणजे तर रंगाचा शत्रूच. जखम पूर्ण भरली की रोज सनस्क्रीन, भुवयांवरूनसुद्धा.

एवढं सगळं करूनही रंग एक ते तीन वर्षांत फिका पडणारच. तेलकट कातडी असली तर लवकर, आणि केसासारख्या रेघा पसरून सगळं मिळून सावलीसारखं दिसायला लागतं. परमनंट हा शब्द पार्लरच्या पाटीवर शोभतो.

एक तेवढं लक्षात ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लाली, दुखणं किंवा सूज कमी होण्याऐवजी वाढत असेल, पू दिसला किंवा ताप आला, तर पार्लरला फोन करू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी केलेल्या माझ्या भुवया आता विटकरी दिसतात. माझ्या जावेच्या मात्र निळसर-राखाडी झाल्यात. दोघींनी वेगवेगळ्या ठिकाणी केलं होतं. आता यावरच गडद ब्राऊन भरून घेतलं तर चालेल का? की लेसर?
– वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या जावेचं दुःख मला जास्त कळतं. २०१२ साली मी हे काम शिकायला गेले तेव्हा सरावासाठी माझ्याच भुवयांवर मशीन चाललं. शिकवणाऱ्यांचा हात जड होता, पिगमेंट काळं होतं. दीड वर्षात माझ्या भुवया पावसाळी ढगाच्या रंगाच्या झाल्या. तेव्हा मला माझी आजी आठवली. तिच्या कपाळावर आणि मनगटावर गोंदण होतं, गोंदताना काळं, पण आम्हाला आठवतं ते हिरवट-निळंच. काळा रंग कातडीच्या खोल थरात गेला की वरून निळसर दिसतो. हातावरची शीर नाही का निळी दिसत? आत रक्त तर लालच असतं. कार्बनचं काळं पिगमेंट खोल बसलं की असं होतं, आणि ते चिवटही असतं.

तुमचं विटकरी झालंय त्याचं कारण वेगळं. ब्राऊन पिगमेंट बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडांचं मिश्रण असतं : काळं, पिवळं, लाल. तिन्ही एका वेगानं जात नाहीत. बाकीचे आधी फिके पडले की लाल उरतं.

विटकरीवर सरळ गडद ब्राऊन भरलं तर सहा महिने बरं दिसेल, मग तीच कथा, वर रंगाचा आणखी एक थर. कातडीत किती रंग कोंबणार? हात बसलेली कारागीर लालपणा मारायला ऑलिव्हच्या छटेचं पिगमेंट वापरते, राखाडीवर केशरी छटेचं. तेही जुना रंग पुरेसा फिका झाल्यावरच. खूप साचलं असेल तर आधी काढायला हवं, आणि तिथं लेसर येतो.

लेसरबद्दल एक इशारा. लोहाचं ऑक्साइड किंवा पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं पिगमेंट लेसरच्या एका फटक्यात काळं पडू शकतं. म्हणजे फिकं करायला गेलात आणि जास्तच गडद होऊन आलात. म्हणून लेसर त्वचारोगतज्ज्ञाकडेच, आणि आधी कडेच्या एका छोट्या ठिपक्यावर चाचणी करून. माझ्या भुवयांना चार बैठका लागल्या. त्या काळात कुणी विचारलं तर मी सांगायचे, नवीन स्टाईल आहे.

प्रश्न : ओठांचा फिका रंग झाकायला लिप ब्लश, म्हणजे ओठांत सुईनं रंग भरून घ्यायचा आहे. मला वर्षातून दोनदा तापानंतर ओठावर बारीक फोड येतात. चालेल ना?
– वाचक, सिंहगड रोड

उत्तर : ते फोड बहुधा हर्पिसचे असणार, आणि सुई लागली की तो विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो. फोड आले की रंग ठिगळाठिगळांनी जातो. आधी डॉक्टरांना दाखवा. ते विषाणूविरोधी गोळ्या लिहून देतात, त्या कामाच्या आधीपासून घ्यायच्या असतात. फोड आलेला असताना कुणी ‘चालतं हो’ म्हणालं, तर त्या पार्लरमधून उठून या. बाकी ओठ दोन-तीन दिवस सुजतात आणि पहिल्या आठवड्यात भडक दिसतात, घाबरू नका. पण त्या आठवड्यात मिसळीचा बेत ठेवू नका.

प्रश्न : आईचं वय ६८. दहा वर्षांपूर्वी तिनं परमनंट काजळ करून घेतलं होतं. आता डोक्याचा एमआरआय सांगितलाय. मैत्रीण म्हणते, काजळामुळे डोळे भाजतील. एमआरआय रद्द करू का?
– वाचक, बिबवेवाडी

उत्तर : रद्द करू नका. पिगमेंटमध्ये लोहाचं ऑक्साइड असेल तर क्वचित त्या जागी उष्णता किंवा चुणचुण जाणवते, आणि डोळ्यांच्या आसपासचं चित्र थोडं बिघडू शकतं. आत जाण्यापूर्वी टेक्निशियनला काजळाबद्दल सांगा. आईच्या हातात आत बोलवायचं बटण देतात, तिथं चटका वाटला तर लगेच दाबायचं, हे तिला घरीच दोनदा सांगून ठेवा.